माइक चालू होता

फहाहीलच्या आमच्या शाळेत
चौथी 'ब'ला दोन खिडक्या आहेत, दोन्ही बंद.
एकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
दुसरीतून समोरची भिंत.
धूळ उठली की दोन्हींतून काहीच नाही.
एसी सकाळी साडेसहापासून घरघरतो.
मला तो ऐकू येत नाही.
मिकदाद परकारला येतो.
कानामागच्या यंत्रांना निवडता येत नाही,
ती एसीही मोठा करतात, बाकही, पडलेली पेन्सिलही,
आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी मी.

म्हणून गळ्यात हा माइक.
काडेपेटीएवढा, निळ्या गोफात.
बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो
आणि माझा आवाज अठ्ठावीस डोकी ओलांडून
थेट त्याच्या कानात उतरतो,
शेजारी बसून कुणी सांगावं तसा.
पहिल्याच आठवड्यात त्याने हात वर केला,
"मिस, 'स'मध्ये शिट्टी असते?"
इतकी वर्षं त्याने 'स' फक्त पाहिला होता,
माणसांच्या दातांवर.
त्या रात्री मी आरशासमोर म्हणून पाहिलं,
ससा, साखर, रस.

दमट दिवसांत यंत्रं घामाने गुदमरतात.
पी.टी. झाली की तो ती एका डबीत ठेवतो,
खाली ओल शोषणारे पांढरे दाणे.
तेवढी दहा मिनिटं तो आमच्यात नसतो.
हसतो मात्र.

मग तो मंगळवार.
मधली सुट्टी, जिन्याखाली, कूलरपाशी,
मी चिपळूणला फोन लावला.
बाबा यंत्र लावत नाहीत.
इथून पैसे पाठवून घेतलेलं,
ते कपाटात, गंजीफ्रॉकांच्या घडीखाली.
"मला नीट येतं ऐकू. तुम्हीच पुटपुटता."
गोळी घेतली का, मी चारदा विचारलं.
चारदा ते म्हणाले, हो, आंबे उतरवले.
पाचव्यांदा मी ओरडले,
"बहिऱ्यासारखं काय करता हो!"

इथे मराठी कुणाला कळते.
जिन्यातून जाणारे मल्याळी, तेलुगू, मिसरी.
ओरडून मोकळं व्हायला परदेश बरा.

फोन ठेवताना हात गोफाला लागला.
दिवा हिरवा.
वर्ग जिन्याच्या अगदी वर.
आणि परकार मूळचे दाभोळचे,
मिकदादची आई डब्यातल्या चिठ्ठीतही
मराठीच लिहिते.

वर्गात गेले. बाकावर डबी, डबीत यंत्रं.
त्या दिवशी पी.टी. नव्हती.
तो ज्योतीकडे बघत बसला होता.
मी अपूर्णांक शिकवले.
कुणाला, ते विचारू नका.

शब्द मागे घेता येतो म्हणतात.
कानात घातलेला?

शेवटच्या तासाला त्याने यंत्रं चढवली.
मुलं नकाशा रंगवत होती.
मी दाराबाहेर गेले, व्हरांड्याच्या टोकाशी,
भिंतीकडे तोंड करून बोलले,
जितकं हळू मला येतं तितकं हळू,
"मिकदाद, तो शब्द चुकला माझा. बाबांसाठीही.
दमले होते, पण ते काही कारण नाही."
आणखीही काही बोलले.
ते तुम्हाला सांगणार नाही,
ते त्याच्या कानातलं आहे.

परत आले. त्याने मान वर केली नाही.
समुद्र निळा करत होता,
रेघ सोडून, कुवेतच्या आत शिरत.

बसची घंटा झाली तेव्हा टेबलापाशी आला.
"मिस, मग आयकू आलं त्यांना?"
नाही, म्हटलं.
त्याने दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.
"त्यांना सांगा, पहिले आठ दिवस
फ्रीज नुसता बोंबलतो.
घाबरून काढायचं नाही.
मग तो गप होतो.
म्हणजे होत नाही, पण होतो."

दारापर्यंत जाऊन वळला,
माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं,
"आणि तो बंद करा. चार्जिंग जातं."