दार आडवं केलं तेव्हा

तेओनाने मला बोलावलं ते टेबलासाठी.
तिबिलिसीच्या टोकाला, आठवा मजला.
लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं, माझ्या खिशात नव्हतं,
म्हणून धापा टाकतच विचारलं :
अक्रोडाचं करू, की पाइनचं?
ती म्हणाली, स्वस्ताचं.

औषधाच्या खोक्यात घडी घालून जो कागद येतो,
जो तुम्ही-आम्ही न उलगडता फेकतो,
तो ती वाचते. छापण्याआधी, दिवसभर,
मुंगीएवढी अक्षरं.
दशांशाचं टिंब एक घर सरकलं
तर कुणाच्या तरी लेकराच्या पोटात दहापट औषध.
स्वयंपाकघरात वाचते सध्या, म्हणाली,
बटाट्याच्या सालींच्या शेजारी.
मला अशी जागा दे, वाझा,
जिथे टिंब टिंबाच्या जागी राहील.

मागची खोली आम्ही रिकामी केली.
आंबट आलुबुखारांच्या एकोणीस बरण्या,
बापाच्या स्की, एकच बूट,
कुणाचा ते तिची आई लामारा सांगेना.
मी भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली :
बसल्यावर कोपर इथे येईल.
उजेड डावीकडून घे,
नाहीतर तुझाच हात तुझ्या ओळीवर सावली धरेल.
खिडकीकडे तोंड नको,
समोरच्या इमारतीत शंभर घरं,
शंभर वाळणाऱ्या चादरी,
तू मोजत बसशील.
ती म्हणाली, आताच मोजल्या.

मग मी फळीचा भाव सांगितला.
ती गप्प झाली.
गप्प राहून नीट बघणं हा तिचा धंदाच,
तिने त्याच नजरेने
माझ्या पाठीमागे पाहिलं.
हे किती जाड आहे?

दार होतं ते. त्याच खोलीचं.
पांढऱ्याखाली हिरवा रंग, हिरव्याखाली तपकिरी,
त्याखाली मात्र खरं लाकूड,
ठोकलं की भरल्या पिंपासारखं बोलायचं.
मी म्हणालो, बाई,
एकांतासाठी दार लागतं,
तू एकांतासाठीच दार मोडतेस?
लामारा पलंगावरून म्हणाली,
हिच्या लग्नातही मी हेच विचारलं होतं.

चार पाय लावले. बिजागरांच्या खाचा लांबीने बुजवल्या.
कुलपाच्या भोकातून दिव्याची वायर खाली सोडली,
जणू त्याचसाठी पाडलं होतं ते.
मूठ काढू का? म्हटलं.
राहू दे.
कडेला साबाच्या उंचीच्या खुणा होत्या,
चार वर्षांचा, पाच, साडेसहा.
त्यांवर रंधा फिरवू नकोस, म्हणाली.
आता वाढदिवसाला पोरगा
टेबलावर आडवा होतो
आणि टाचा कुठवर आल्या ते विचारतो.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, एक पाय डुगडुगत होता.
चौकटीत दार नाही, पडदासुद्धा नाही.
शेगडीवर काहीतरी रटरटतंय,
साबा चेंडू भिंतीवर मारतोय,
आणि ती आत, मान खाली, बोट ओळीवर.
मला वाटलं, फसली माझी कारागिरी.

तेवढ्यात लामारा आली, हातात चहा,
थेट आत गेली
आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बोटाने दोनदा
टकटक केलं.
तेओना वर न बघता : आत्ता नको.
म्हातारी चहा घेऊन परत फिरली.
मग चेंडू काखेत मारून पोरगा. टकटक.
आत्ता नको.
तोही फिरला.

सकाळी बसताना ती मूठ खाली दाबते,
लामाराने मला कानात सांगितलं,
उठताना वर करते.
खाली असली म्हणजे बंद.
आम्ही बघतो आणि ठरवतो.
कुठे उघडतं म्हणे ते दार, देव जाणे.
जमिनीत, बहुतेक.

मूठ खालीच होती.
माझ्या एका हातात हातोडी, ओठांत दोन स्क्रू.
मी पुढे झालो, वाकलो,
मीच रंगवलेल्या त्या लाकडावर
टकटक केलं.

थांब, ती म्हणाली.

मी उघड्या चौकटीत उभा राहिलो,
तोंडातले स्क्रू न वाजवता,
एक टिंब जागेवर बसेपर्यंत.