सहा माणसांचा तंबू

खोक्यावर छापलं होतं : सहा माणसांसाठी.
नव्या पेठेतल्या दुकानदारानं आधीच कबूल केलं,
'सहा म्हणजे चार धरा, ताई,
आणि चौघांनी कूस एकदमच बदलायची.'
आम्ही पाच. शिवाय पाण्याचा कॅन, स्टो,
शिवाय मल्लेशची सायकल,
जी येणार नाही हे त्याला अजून सांगितलेलं नव्हतं.

मामंजींनी कापड चिमटीत धरलं.
अडतीस वर्षं मागापाशी उभा राहिलेला माणूस
कापड आधी डोळ्यांनी बघत नाही.
अंगठा फिरवला, कानाशी नेऊन ताणलं.
'ताणा कुठला, बाणा कुठला,
काही बोलतच नाही हे.'
पोरगा म्हणाला, वॉटरप्रूफ आहे आजोबा,
तीन हजार मिलिमीटर.
'सोलापुरात पाच वर्षं मिळून तेवढा पडतो,'
मामंजी म्हणाले,
आणि मग, 'घ्या.'

रंगीत तालीम गच्चीवर.
गच्चीत खुंटी कशी रुतणार?
तीन कोपऱ्यांवर विटा,
चौथ्यावर हारिका स्वतः बसली, पुस्तक घेऊन.
माहितीपत्रकात हिरवं गवत, हसणारं कुटुंब,
आणि 'फक्त दहा मिनिटं'.
आमचा पाऊण तास गेला.
ह्यांनी लांब दांडी आखूड बाहीत घातली,
तंबू उभा राहिला,
म्हणजे गुडघे टेकलेल्या उंटासारखा.
पलीकडच्या गच्चीवरून गुंडेटींच्या आजींनी विचारलं,
'मांडव कशाचा गं? कोणाचं लग्न?'

जानेवारीत हिप्परग्याच्या तलावाकाठी गेलो.
काळी जमीन, वरून भेगाळलेली, आतून लोण्यासारखी,
खुंटी हसत हसत आत जायची
आणि तशीच हसत बाहेर यायची.
शेवटी दगड शोधले. बाभळीपर्यंत दोरी पुरेना,
तेव्हा माझ्या परकराची नाडी कामी आली.
मामंजींनी दोन्ही टोकं जोडली,
तुटल्या धाग्याला मारतात ती गाठ,
समोर न बघता,
तलावावरच्या पक्ष्यांबद्दल बोलत बोलत.

रात्री ओळीनं पाच जण,
खाली चादरी, वर चादरी,
निळे मोर, लाल मोर, पाय पायात.
घरी तीन खोल्या आहेत आमच्या,
कोण घोरतं हे ठाऊक होतं.
सासूबाई झोपेत मोजतात हे नव्हतं :
इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु...
मग जराशी शांतता,
बंडलाला दोरा बांधण्याएवढी.
मग पुन्हा एकापासून.
विड्या वळणं सोडून सात वर्षं झाली त्यांना.
मी अंधारात कुशीवर पडून
पंचवीस-पंचवीसचे किती कट्टे झाले ते ऐकत राहिले,
अकराव्याला झोप लागली.

पहाटे मल्लेशच्या नाकावर थेंब पडला.
'पाऊस!'
बाहेर आभाळ कोरडं, चांदणी ठळक.
छताच्या आतून सगळीकडे बारीक दव.
मामंजींनी बोट फिरवलं, बघितलं.
'आपलाच श्वास आहे. बाहेर जायला
वाटच ठेवली नाही ह्यांनी,'
आणि दाराची चेन वीतभर उघडली.

नंतर घडी.
जी वस्तू पिशवीतून आली
ती पिशवीत परत जायला तयार नव्हती.
ह्यांनी गुडघे रोवले, हारिका वर लोळली,
तिसऱ्यांदा मी चेन ओढली आणि नखच गेलं.
सासूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली.
'सरका.'
तळहात ओला केला,
कापडावरून एकदाच फिरवला,
कडा आत मुडपल्या, एक टोक निमुळतं धरलं,
आणि वळायला लागल्या.
घट्ट, तिरकं, श्वास न घेता,
शेवटी अंगठ्यानं तोंड दाबलं.

पिशवी भरली आणि वर चार बोटं जागा उरली.
तिथं त्यांनी शेंगाचटणीचा डबा ठेवला.