रिकामी यादी

आई विचारते, कोणत्या एजंटसाठी लिहितेस,
एलआयसीच्या की आरटीओच्या?
मी म्हणते, दोन्ही नाही. याला कमिशन लागत नाही,
खुर्ची लागत नाही, आणि मी लिहिलेलं
तो शेवटपर्यंत वाचतो.
मग चांगलाच आहे की, ती म्हणाली
आणि पुरणाकडे वळली.

गायत्रीनगर, आयटी पार्क, तिसरा मजला.
पोळ्याचा दिवस, निम्म्या खुर्च्या मोकळ्या,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
टूलचं काम तसं सोपं:
पॅकेजचं नाव द्या, आवृत्ती द्या,
ते सांगतं फट कुठे आहे, किती रुंद,
आणि कोणत्या आवृत्तीत बुजवली.
मी लिहायचं त्याचं वर्णन,
जे वाचून यंत्र ठरवेल
कधी विचारायचं, आणि उत्तराचं काय करायचं.

माणसांसाठी लिहायचे तेव्हा
मी 'शक्यतो' लिहायचे, 'साधारणपणे' लिहायचे.
त्या शब्दांना माणूस जरा टेकतो,
घाम पुसतो, पुढे जातो.
हा एजंट 'शक्यतो'मध्ये शिरला
आणि बाहेर आलाच नाही,
चाळीस वेळा तोच प्रश्न विचारत बसला.
मी शब्द खोडला. वाक्य उघडं पडलं,
नुकतीच हजामत केलेल्या डोक्यासारखं.

रात्री नऊला लोकेश हेडाऊने स्क्रीन वळवली.
एजंटने नाव विचारलं होतं,
नावातली एक आडवी रेघ राहिली होती.
टूलने दिली रिकामी यादी:
दोन कंस, मधे काही नाही.
आणि अहवालात एजंटने लिहिलं, सुरक्षित.
ठळक अक्षरात.

चूक कोणाची?
त्याची नाही, लोकेश म्हणाला, तू सांगितलंस तेच त्याने केलं.
मी लिहिलं होतं,
'काही न सापडल्यास रिकामी यादी मिळते.'
खरं होतं. शुद्धलेखनही बरोबर.

दुपारीच, घरून निघताना,
जागनाथ बुधवारीतल्या पोरांनी स्कूटी अडवली होती.
उद्या मारबत. ताई, तू लिहिते ना,
बडग्याच्या पाटीचं लिहून दे.
त्यांना महागाई हवी होती, डेंग्यू हवा होता,
खड्डे, ऑनलाइन फ्रॉड.
जाळायचं ते नाव घेऊन जाळायचं.
मी लिहिलं, पोरगा म्हणाला,
खाली जागा सोड थोडी,
अजून काही आठवलं तं.

साडेदहाला चहा घ्यायला खाली उतरले.
देवाजी शेंडे रजिस्टर भरत होते,
दर तासाला एक ओळ, निळ्या पेनाने:
'मागचं गेट पाहिलं. काही दिसलं नाही.'
'जनरेटर पाहिला. काही दिसलं नाही.'
आणि एका तासाला नुसतंच:
'गच्चीवर गेलो नाही. गुडघा.'

मी म्हटलं, काका, 'काही नाही' एवढं लिहिलं तर भागत नाही का?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
म्या पाह्यलं तेवढंच लिहतो मॅडम.
आता गच्चीवर काही नाही, हे मले कसं माहीत?

चहा तसाच राहिला.
वर जाऊन मी लिहिलं:
रिकामी यादी म्हणजे, या नावाने, या आवृत्तीसाठी,
आज आमच्याकडे नोंद नाही.
फट नाही असा याचा अर्थ घेऊ नकोस.
नाव पुन्हा तपास. रेघा मोज.
तरीही रिकामीच आली तर अहवालात लिही:
पाहिलं, सापडलं नाही.
आणि जिथे पाहिलंच नाहीस
ते वेगळ्या ओळीत लिही.

लोकेशने पुन्हा चालवून पाहिलं.
एजंट थांबला, नाव तपासलं,
रेघ घालून परत विचारलं.
यादीत तीन ओळी आल्या, त्यातली एक लाल.
लोकेश काही बोलला नाही, जेवायला गेला.

निघताना बारा वाजायला आले होते.
रजिस्टरात वेळ लिहिली, सही केली,
शेऱ्याचा रकाना सोडून दिला.
देवाजींनी वही परत माझ्याकडे सरकवली.
रिकामं नका ठेवू मॅडम,
उद्या कोनी काही बी भरते त्याच्यात.