ड्रायव्हर सापडत नाही

कॅबिनेटचे झाकण काढले
आणि आत पिसुर्ल्याची खाण निघाली.

मदरबोर्डवर, पंख्याच्या पात्यांवर,
वायरींच्या बेचक्यांत
तांबडी, मऊ, कुंकवाहून जड धूळ.
हा कॉम्प्युटर आधी काट्यावर होता.
टिपर यायचे, वजन द्यायचे, जायचे;
दहा वर्षे याने फक्त टन मोजले.
खाण बंद झाली तेव्हा मॅनेजरने
दोन खुर्च्या, एक पाण्याचा फिल्टर आणि हा
वाचनालयाला देणगी म्हणून पाठवला.
पावती मीच फाडली होती.

चित्रकलेचा ब्रश घेऊन झाडायला बसले.
आधी खिडकीच्या गजाला हात लावला,
अंगातली वीज उतरवायला,
देवळात शिरण्याआधी पाय धुवावे तसा.
झाडले. शिंकले. पुन्हा झाडले.

म्हापशाहून आणलेले वायरलेस कार्ड
तळहाताएवढे, हिरवे, पाठीला दोन शिंगे.
त्याला वाट करायला मागची पत्र्याची पट्टी उचकटली;
तिने जाता जाता बोट कापले.
पांढऱ्या खाचेत ते बसेना.
डावीकडून दाबले तर उजवीकडून उठे,
आमच्या कमिटीसारखे.
शेवटी टक् झाले
आणि मला वाटले, झाले.

पडद्यावर पिवळे उद्गारचिन्ह:
नवे उपकरण आढळले. ड्रायव्हर सापडत नाही.
इंटरनेटवर शोधू का?

अरे शहाण्या,
इंटरनेटसाठीच तर हा खटाटोप!
विहिरीत उतरायला दोर हवा
आणि दोर विहिरीच्या तळाशी.

हे मी मोठ्याने बोलले असणार.
पेपर चाळणारे रोहिदास मळीक
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"ड्रायव्हर जाय? हांव आसां न्हय गे."

एकोणीस वर्षे टिपर हाकलेला माणूस.
आता दुपारी येऊन छापील सगळे वाचतो,
निविदा सूचनासुद्धा.

कार्डासोबत आलेली सीडी होती, पण ट्रे उघडेना.
रोहिदासांनी शर्टाची पिन काढून
बारक्या भोकात खुपसली, आणि ट्रेने जीभ बाहेर काढली.
सीडी मात्र फिरली, घरघरली, गप्प झाली.
मग मी सातेरीच्या देवळाकडे गेले.
तिथे तिसऱ्या पायरीवर रेंज येते,
चौथीवर येत नाही.
फोनमध्ये ड्रायव्हर उतरवून घेतला,
पदराखाली दिवा आणावा तसा
फोन धरून परत आले,
वायरीने याच्या पोटात सोडला.

उद्गारचिन्ह गेले.
पंचायतीच्या वायफायचे नाव दिसले, विझले, दिसले.
मध्ये चिऱ्याची भिंत. त्या दगडातही लोखंडच.
रोहिदास उठले,
गाडीचा आरसा बसवावा तशी
एकेक शिंग वळवू लागले,
मान थोडी मागे, एक डोळा बारीक.
"मातशें भायर," स्वतःलाच म्हणाले.
एक रेघ. दोन. तिथेच हात काढला.

पहिल्यांदा घड्याळ हलले.
आतला सेल कधीच मेलेला,
प्रत्येक सकाळी हा एक जानेवारी दोन हजार दोनमध्ये उठायचा.
कोपऱ्यातली तारीख एका दमात
सगळी वर्षे ओलांडून आजवर आली,
काट्यावर न थांबलेल्या गाडीसारखी.

मग त्यांनी विचारले, जुने वजन आसा?
होते. शेवटचे चार आकडे सांगितले त्यांनी,
मुलाचे नाव सांगावे तसे.
खेप, तारीख, टन. खेप, तारीख, टन.
एका ओळीवर बोट ठेवले:
"ह्या दिसा टायर फुटिल्लो."
पुढे काही बोलले नाहीत.
थोड्या वेळाने: "हें आतां जगाक दिसतलें?"
नाही, म्हटले, आपण पाठवले तरच.
"नाका. हांगाच आसूं."

झाकण लगेच लाव, धूळ जाईल, असे तेच म्हणाले.
आता कुठली धूळ, मी म्हणाले,
आणि माझे मलाच कसेतरी झाले.
त्यांनी स्क्रू पिळले, तिरके तिरके, समोरासमोर,
चाकाचे नट आवळतात तसे.

एक स्क्रू उरला.
"गाडी उगडली की एक उरताच," म्हणत
त्यांनी तो खिशात टाकला.