राखणदार

मुलीनं शाळेतून पेनड्राइव्ह आणला
अन् वसमतच्या आमच्या घरात
एका रात्रीत सगळी फोल्डरं शॉर्टकट झाली.
दार तेच, आत खोलीच नाही.

मग फुकटात दिसेल ते उतरवत गेलो.
धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो?
एक हिरवी ढाल, एक लाल छत्री,
तिसरा तर दर तासाला खिडकी वाजवायचा:
‘धोका आहे. पैसे भरता का?’
मशीन हळदीच्या कढईसारखं
नुसतं वाफा टाकत बसलं.

गौसभाई आले. चहा संपेपर्यंत पडदा बघत राहिले.
‘सर, एका खुट्याला तीन कुत्री बांधलीत.
एकमेकांवरच भुंकायलीत. चोरावर कधी?’
तिन्ही काढली.
विंडोजसोबत आलेला,
कधी चकार शब्द न बोललेला, तो जागा केला.
‘हा घरचा. पगार मागत नाही.
दुसरा कुणी महिन्यातून एकदा पाहुणा बोलवा,
तपासून जाऊ द्या.
मुक्काम नको.’

रात्री त्या घरच्यानं पहिला संशयित धरला:
बाबांच्या जुन्या मराठी फॉन्टची सेटअप फाइल.
बाजार समितीला लिहिलेली त्यांची भांडकुदळ पत्रं
त्याच फॉन्टात आहेत,
तो नसला की नुसते कंस आणि टिंबं.
‘ओळख पटत नाही. काढू की ठेवू?’

बाबा म्हणायचे, सख्ख्या भावालाही जामीन राहू नको.
आजवर राहिलो नाही.
फाइल कुठून आली होती, तेही आठवेना.

एक वाजला होता.
‘ठेव’वर बोट दाबलं
आणि बराच वेळ
उचललंच नाही.