तीनशेवर चारशे

ओहोस नेग्रोसच्या दरीत
धूळ आधी येते, गाडी मागाहून.
धूळ बसली तेव्हा आबुंदियो उभा होता,
हातात टोपी, तोंडात हुकूम:
"उंच कर, नेरेइदा. शर्यतीतल्या गाड्यांसारखी.
चाकाच्या वर बकरी मावेल इतकी."

मी म्हटलं, उंची उसनी असते.
खड्डा आला की चाकाला हात लांब करून
जमीन शोधावी लागते.
तो हात तू नुसतं उभं राहण्यातच संपवलास
तर चाक लोंबकळेल हवेत
आणि मग गाडी आदळेल
ताठ, गर्विष्ठ माणसासारखी.

त्याला पटलं नाही.
(मामा म्हणायचा: गिऱ्हाइकाला पटवू नकोस, वजन कर.)

चार चाकांखाली चार काटे सरकवले.
रिकामी गाडी तोलायची नाही.
टाकी भर, सुटं चाक चढव,
पाण्याचं पिंप, बकरीच्या चीजच्या पेट्या,
आणि शेजारी जे नेहमी बसतं त्याला बसव.
"एदुविहेस!" त्याने हाक मारली.
ती आली हळू, कमरेला पट्टा,
मणक्यात फेब्रुवारीपासून सहा स्क्रू.
"हिचे सत्तर किलो धर," तो म्हणाला.

काट्याने बावन्न धरले.

तो काट्याकडे पाहत राहिला.
मग काच पुसली अंगठ्याने, धूळ असेल म्हणून.
ती सीटवरूनच म्हणाली, "काटा बरोबर आहे."

मी वहीत मान घातली.
चाकं, ब्रेक, आस यांचं वजन वजा;
जे जमिनीला धरूनच चालतं
त्याचा भार स्प्रिंगवर नसतो.
उरले पुढच्या कोपऱ्यावर
आठशे पंचावन्न पौंड.

"सगळ्यात मऊ स्प्रिंग दे," तो आता म्हणाला. उंचीचं नावही नाही.
"हिच्या पाठीसाठी."
फार मऊ दिली तर पहिल्याच ओढ्यात तळ गाठेल,
आणि तळ लोखंडाचा आहे, आबुंदियो.
फार कडक दिली, तर रस्त्यातला खडा न् खडा
त्या सहा स्क्रूंना नावानिशी कळेल.

म्हणून एकावर एक, दोन.
वर तीनशेची, खाली चारशेची.
"म्हणजे सातशे?" तो दचकला.
नाही. एकमेकींवर उभ्या राहिल्या की बेरीज होत नाही.
दोघी मिळून एकशे एकाहत्तर,
दोघींतल्या मऊ स्प्रिंगपेक्षाही मऊ.
"हे कुठलं गणित?"
एदुविहेस हसली,
कमरेला हात लावून, जपून.

पण मध्ये एक कडं असतं.
फार खोल दबलं की सरकता तुकडा कड्याला टेकतो,
वरची तिथेच थांबते,
आणि पुढचं सगळं खालच्या एकटीने
पोटात घालायचं.
ते कडं कुठे आवळायचं, त्याचीच माझी मजुरी.

"कुठे आवळशील?"
तिने विचारलं. त्याने नाही.
उशिरा, मी म्हटलं. जमेल तितकं उशिरा.

एकशे एकाहत्तर गुणिले पाच.
नटाचा एक आटाही जास्त न फिरवता
गाडी पाच इंच खाली बसली,
सात इंच राहिले खड्ड्यांसाठी.
दांड्याला मी प्लॅस्टिकचा एक बंद बांधून दिला:
दांडा जितका आत जाईल तितका हा सरकेल
आणि तिथेच राहील, साक्षीला.

तीन आठवड्यांनी धूळ आली, मागाहून गाडी.
बंद टोकाच्या एक इंच अलीकडे थांबलेला.
आबुंदियोने चीजचा गोळा पान्यांशेजारी ठेवला.
"वाळूच्या ओढ्यात झोपली ही," म्हणाला,
"तोंड उघडं टाकून. मी गाडी थांबवली
तेव्हाच जागी झाली."

मग टोपी फिरवत, हळूच:
"दोन इंच तरी उंच? दिसायला?"

आतून हॉर्न वाजला.