गेटवरून फोन

माजिवड्याचं आमचं घर होतं तिथे आता बावीस मजले आहेत.
त्यातला चौदावा आमचा.
जुन्या दाराचा वरचा अर्धा दिवसभर उघडा असायचा,
खालचा बंद, कोंबड्यांसाठी.
आता येणाऱ्याला गेटवर नाव सांगावं लागतं,
मग माझ्या फोनवर प्रश्न उगवतो:
पाहुणा, डिलिव्हरी, कॅब की कामवाली?
आणि मी अंगठ्यानं ठरवते.

सासऱ्यांना, बस्त्यावपप्पांना, हे चार खण कळत नाहीत.
रविवारची मिस्सा सुटली की ते थेट वर येत नाहीत,
गार्डशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात
आणि कुणाला तरी घेऊनच येतात.
एकदा गॅसची नळी तपासणारा.
एकदा चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या एक बाई,
पिशवीत सुनेच्या रक्त तपासणीचे कागद.
एकदा सी विंगचे शहा, ज्यांना
आमच्या टोपात काय शिजतं ते वासावरून ठाऊक होतं.
त्यांच्यासाठी मी नव्या पातेल्यात बटाटे केले,
त्यांनी ते उभ्याउभ्याच खाल्ले.
पण खाल्ले.

मी फुगे मोजून तळते.
माणशी चार; पप्पांच्या रविवारांमुळे माणशी तीन.
रेमी म्हणतो, पीठच जरा जास्त भिजव ना.
कुणाच्या हातांनी, ते तो म्हणत नाही.

उपवासकाळातला शुक्रवार होता,
क्रुसाची वाट करून नुकतीच आले होते,
चौदाही ठिकाणं गुडघ्यांत ठणकत होती.
फोन वाजला. लहानू. पाहुणा.
मेट्रोच्या खांबांवर काम करणारा जव्हारकडचा पोरगा,
शिमग्याआधी एकदा जेवून गेलेला.
पप्पा त्याला म्हणाले होते, कधीही ये.
कधीही म्हणजे आज, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी कळवलं, घरी कोणी नाही.

आतल्या खोलीत पप्पा खोकले.
ऑड्रेनं वहीतून मान वर केली,
मग आपण कोण, मम्मी?

चौदाव्या मजल्यावर कोंबडा नसतो.
लिफ्ट थांबल्याची घंटा तेवढी वाजली,
आणि कुणीतरी दुसरंच उतरलं.

एका पायात माझी, एका पायात रेमीची चप्पल
अशी मी गेटवर पोचले तेव्हा तो नव्हता.
गार्ड म्हणाला, हे ठेवून गेला, जेवायला नव्हता आला.
पळसाच्या पानांत बांधलेली मोहाची फुलं,
पहाटे वेचलेली असावीत, थोडी चिकट,
आणि दोऱ्याला गावठी नीटस गाठ.

पप्पांनी पुडी नाकाशी धरली.
बसवलंस ना त्याला, विचारलं.
मी नळ सोडला, भांडी नव्हती तरी.

रविवारी पीठ मोजलं नाही.
पप्पांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले.
हिरव्या हेल्मेटचे सगळे येत-जात होते,
प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले,
बारा वाजले, वर फुगे गार होत असणार.
मग वॉशर आणि पाना घेऊन एक मुलगा आला,
बी विंग कुठली, म्हणाला.
लहानू नव्हता तो.

पप्पांनी माझ्या कोपराला कोपर लावलं.
विचार की, म्हणाले.
आज तू विचार.